खुर्ची दिलीत, माप घ्यायचं राहून गेलं

प्रति,
अपंग मुलांना व्हीलचेअर, वॉकर आणि तत्सम साधनं देणाऱ्या धर्मादाय संस्थांचे विश्वस्त, पदाधिकारी आणि देणगीदार यांस

विषय : ‘पाच वर्षांत एकच साधन’ हा नियम, आणि त्याच्या आजूबाजूच्या बऱ्याच गोष्टी

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका संस्थेचं पत्र मागच्या आठवड्यात घरी आलं. चारच ओळी आहेत. लाभार्थीस तीन वर्षांपूर्वी प्रौढ मापाची व्हीलचेअर देण्यात आली आहे. नियमानुसार पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या साधनाचा विचार करता येत नाही. दुरुस्तीसाठी निधीची तरतूद नाही. कृपया नोंद घ्यावी.

नोंद घेतली. संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही. असंच पत्र वेगळ्या लेटरहेडवर आलेलं मी आणखी तीन घरांत पाहिलं आहे, त्यामुळे एकट्या संस्थेला धरून काही होणार नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच, आणि उघड.

त्या पत्रातला लाभार्थी म्हणजे माझी मुलगी. साडेसात वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे, तिचे पाय ताठ राहतात, कंबर सावरायला त्रास होतो, पण हात बऱ्यापैकी चालतात आणि तोंड त्याहून जास्त. मी सायकल दुरुस्त करणारा माणूस. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं पान्याने आणि ग्रीसने शिकलेलं आहे.

आधी तुमचं देणं कबूल करतो. तीन वर्षांपूर्वी तुम्ही खुर्ची दिली नसती तर आमच्याकडे काहीच नसतं. ज्या कुणी पैसे दिले त्याचं मन चांगलं होतं याबद्दल मला शंका नाही. तक्रार त्या मनाबद्दल नाही.

वाटपाच्या दिवशी हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या प्लास्टिकच्या वेष्टनात ओळीने लावल्या होत्या. सगळ्या एकसारख्या. बसायची जागा १८ इंच रुंद, म्हणजे ४६ सेंटिमीटर. माझी मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची, नितंबांपाशी २१ सेंटिमीटर. दोन मुली शेजारी शेजारी मावल्या असत्या. तिला उचलून आत ठेवली तर ती डावीकडे कलंडली, मग घसरत घसरत पाठीवर आली, आणि पाय पायटीपर्यंत, म्हणजे पाय टेकवायच्या पट्टीपर्यंत, पोचायचे सोडून सीटच्या कडेवर आडवे राहिले. कुणीतरी दोन्ही बाजूंना उशा खोचल्या. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

घरी आल्यावर तिने चाक फिरवून पाहिलं. दोन्ही हात पसरले तरी एका वेळी एकच चाक हाताला लागायचं. उजवं ढकललं की खुर्ची डावीकडे गोल फिरायची. मग ती सरकून डाव्या कडेला जायची, डावं ढकलायची, खुर्ची उजवीकडे फिरायची. खोलीच्या मधोमध असं तिने कितीतरी वेळ केलं. तिला वाटलं हाच खेळ आहे. दाराशी कसं जायचं हे मात्र तिला कळेना, आणि ते तिला कळणार नाही हे मला कळलं.

मग मी ती खुर्ची कापली.

घडीच्या खुर्चीच्या सीटखाली दोन नळ्यांची फुली असते, मध्ये एक बोल्ट. त्या नळ्या आखूड केल्या की खुर्ची अरुंद होते. नळ्या कापल्या, भोक नव्याने पाडलं, वेल्डिंग करणाऱ्या मित्राकडून टोकं जोडून घेतली, सीटचं कापड उसवून पुन्हा शिवलं, पाठीला प्लायवूड आणि फोम लावून खोली कमी केली. झाली २४ सेंटिमीटरची खुर्ची. फार खूश होतो मी. तिसऱ्याच दिवशी उतारावर ती बाजूला उलटली आणि पोरीच्या भुवईवर टाके पडले. अरुंद केलेली खुर्ची आडवी कलते, ही साधी गोष्ट मला, रोज चाकं बांधणाऱ्या माणसाला, सुचली नव्हती. मुलीच्या थेरपिस्ट बाई माझ्यावर जे रागावल्या ते योग्यच होतं. हे वाचून कुणी घरी करवत काढू नये.

रागावून झाल्यावर त्यांनीच मला माप घ्यायला शिकवलं. मागची चाकं थोडी बाहेर घेऊन बूड रुंद केलं, कमरेचा पट्टा योग्य कोनात लावला. त्यानंतर दोन वर्षं ती पोरगी त्या खुर्चीत राणीसारखी फिरली. तीन वर्षांत ९८ सेंटिमीटरवरून ११६ वर गेली. आता मांड्या दोन्ही बाजूंना घासून लाल होतात, आणि पायटी शेवटच्या भोकापर्यंत खाली घेऊनही गुडघे वर येतात. कापलेली नळी परत वाढत नाही. तुमच्या कागदावर मात्र तिच्याकडे अजूनही ‘प्रौढ मापाची’ खुर्ची आहे. ऑफिसातल्या सद्गृहस्थांनी मला फोनवर शांतपणे विचारलं, मोठी खुर्ची दिली होती ना, मग ती लहान कशी झाली?

म्हणून आता एकेक मुद्दा.

पहिला, मापाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली हाताने चालवायच्या व्हीलचेअर कशा पुरवाव्यात याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. थेरपिस्ट बाईंनी मला त्या समजावून सांगितल्या. त्यात आठ पायऱ्या आहेत : मूल सेवेपर्यंत पोचणं, तपासणी, कोणती खुर्ची ते ठरवणं, पैसे आणि मागणी, खुर्ची तयार करणं, अंगावर बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती. २०२३ साली नव्या सूचना आल्या, त्यांतही गाभा तोच आहे : निवड, जोडणी, शिकवणं, पाठपुरावा. आम्हाला त्या हॉलमध्ये चौथी पायरी मिळाली. बाकीच्या सात जणू आमच्या नशिबावर सोडलेल्या.

माप घेणं हे काही अवघड शास्त्र नाही, म्हणून जास्त चीड येते. नितंबांची रुंदी. पाठीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मांडी किती, त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा केले की सीटची खोली. गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत किती, त्यावरून पायटी. सीटपासून बरगड्यांच्या किंवा खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत किती, त्यावरून पाठ. चार-पाच आकडे. शिंपी शर्टाला यापेक्षा जास्त मापं घेतो. शर्ट ढगळ झाला तर माणूस गबाळा दिसतो. खुर्ची ढगळ झाली तर मूल रोज तासन्‌तास एका कुशीवर कलून बसतं, आणि वाढत्या हाडांना तीच सवय लागते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो. ज्यांना मान आणि धडसुद्धा सावरत नाही त्यांच्यात तर हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात जातं. खुर्चीमुळे खुबा सरकतो असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला मी डॉक्टर नाही. पण ज्या मुलांच्या अंगाला आधीच एवढा धोका आहे त्यांना तुम्ही उशा खोचून बसवता, एवढंच म्हणतो.

आणि माझी मुलगी तरी बोलते. स्पाइना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यात जन्मतः दोष, असलेल्या अनेक मुलांना कमरेखाली स्पर्शच कळत नाही. नुसत्या ताणलेल्या रेक्झिनवर ती मुलं बसून राहतात, त्यांना टोचत नाही, दुखत नाही, आणि जखम होते ती घरच्यांना कपडे बदलताना दिसते. माझ्याकडे असा एक मुलगा येतो. म्हणजे त्याची खुर्ची येते. तो चार महिने पालथा झोपून होता. दाब वाटून देणारी गादी खुर्चीसोबत आलीच नव्हती. अशी जखम चिघळली तर जिवावर बेतते. गादी म्हणजे वरचा साज नाही. त्या मुलासाठी ती खुर्चीइतकीच खुर्ची आहे.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, माझा प्रांत आहे.

मुलीची खुर्ची कापल्याची बातमी पसरली आणि लोक आपापल्या खुर्च्या घेऊन यायला लागले. आजवर साठ-पासष्ट तरी हाताखालून गेल्या असतील. बहुतेकींच्या पाठीवर तुमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं नाव. बिघाड थोडेच आहेत आणि ठरलेले आहेत. पुढची छोटी चाकं टणक प्लॅस्टिकची, बोटभर रुंद. खडबडीत रस्त्यावर ती खड्ड्यात रुततात आणि मूल तोंडावर येतं. त्यांच्या बेअरिंगमध्ये माती जाते, मग चाक थरथरायला लागतं, मग अडतं. ब्रेकचा खटका टायर घासला की टेकतच नाही. फुलीचा बोल्ट भोक मोठं करत जातो आणि खुर्ची चालताना कुरकुरते. आरे ढिले होतात, रिम आठच्या आकड्यासारखी होते. यातलं काहीही सायकलवाल्याला नवीन नाही. तरीही खुर्च्या पडून राहतात. कारण साधं : बेअरिंग, पायटीची कडी, ब्रेकचा खटका, प्रत्येक लॉटचा वेगळा, आणि त्याचं माप कुठे लिहिलेलं नसतं. एका घरात बिघडलेली खुर्ची मी पाहिली तिच्यावर धुतलेले कपडे वाळत घातले होते, आणि मुलगी शेजारी जमिनीवर बसली होती. बेअरिंग गेलं होतं, दुसरं काही नाही.

एक गंमत सांगतो. ही फुलीची घडी होणारी खुर्ची काही कारखान्यातल्या साहेबाने कल्पनेने काढलेली नाही. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचा अमेरिकन खाण अभियंता, १९१८ साली खाणीतल्या अपघातात त्याची पाठ मोडली. आपली खुर्ची मोटारीत मावावी म्हणून त्याने हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राला घेऊन १९३३ साली ती बनवली. स्वतःच्या अंगासाठी, स्वतःच्या गाडीसाठी. नव्वद वर्षं होऊन गेली, आणि एका मोठ्या माणसाच्या मोटारीसाठी सुचलेला तो घाट साडेचार वर्षांच्या मुलीच्या वाट्याला जशाच्या तसा येतो.

दुसरा असाच एक माणूस, राल्फ हॉचकिस. मोटारसायकलच्या अपघातानंतर खुर्चीत बसला, शिकलेला इंजिनियर. १९८० साली निकाराग्वात गेला आणि तिथल्या खुर्चीवापरणाऱ्यांकडून शिकत, त्यांना शिकवत, खडबडीत रस्त्याला चालेल अशी खुर्ची तयार करत गेला : पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त, म्हणजे खुर्ची पुढे कोसळत नाही, पुढची चाकं रुंद रबराची, म्हणजे रुतत नाहीत, आणि मोडलं तर गावातल्या सायकलवाल्याकडे मिळेल असं सामान. हे वाचलं तेव्हा मला कुणीतरी आपल्या जातकुळीतलं भेटल्यासारखं झालं. ज्ञान आहे. चाळीस वर्षांपासून आहे. तुमच्या खरेदीच्या कागदात ते शिरत नाही, कारण तिथे ‘नग’ आणि ‘दर’ असे दोनच रकाने असतात.

तिसरा, पाच वर्षांचा नियम. सहा-सात वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. पाच वर्षांत पंचवीस-तीस. तुमच्यापैकी कुणी आपल्या नातवाला पाच वर्षं एकच बूट घालायला लावेल का? प्रौढांसाठी केलेला नियम मुलांना लावला आहे, आणि तो करताना कुणाच्या मनात वाईट नसणार. फक्त टेबलाभोवती वाढतं मूल घरी असलेलं कुणी बसलेलं नसणार. या नियमाचा एक परिणाम तुम्हाला ऑफिसातून दिसत नाही तो मी सांगतो. आईबाप मुद्दाम मोठी खुर्ची मागून घेतात. ‘पुढे उपयोगी पडेल.’ म्हणजे आज बसत नाही आणि उद्या येईस्तोवर मोडते.

चौथा मुद्दा नावाचा आणि फोटोचा. मुलगी वाचायला शिकली तेव्हा एकदा खुर्चीतून उतरून जमिनीवर बसली होती, तिने खुर्चीच्या पाठीवरची अक्षरं लावून लावून वाचली आणि मला विचारलं, “बाबा, हे कोण? यांची खुर्ची आहे का?” मी म्हटलं, तुझीच आहे. “मग नाव त्यांचं का?” मला काही सुचलं नाही. रात्री थिनरने ते पुसलं. तुमच्या नियमात देणगीदाराचं नाव पुसू नये असं कलम आहे, ते मी मोडलं आहे, कळावे. फोटोबद्दल एवढंच म्हणतो की आम्हाला विचारलं होतं, पण खुर्ची समोर ठेवून विचारलं होतं. त्याला विचारणं म्हणत नाहीत.

पाचवा. साधन म्हटलं की तुम्हाला खुर्चीच दिसते. चालायला शिकणाऱ्या मुलाला मागून आधार देणारा वॉकर लागतो, ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना उभं करणारी चौकट लागते, मान न धरणाऱ्या मुलाला डोक्याचा आणि धडाचा आधार असलेली बैठक लागते. सगळ्यात जास्त गरज असलेल्या या शेवटच्या मुलांनाच बहुतेक वेळा ‘याला देऊन काय उपयोग’ असं ऐकावं लागतं. तोंडावर नाही म्हणत कुणी. ‘सध्या यादीत बसत नाही’ म्हणतात.

आणि बॅटरीवर चालणारी खुर्ची तर लहान मुलाला द्यायचीच नाही, असं जणू ठरलेलं आहे. ‘अजून लहान आहे, कळायचं नाही.’ अमेरिकेत १९८३ साली शार्लिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस ते एकोणचाळीस महिन्यांच्या मुलांवर हे करून पाहिलं होतं. दोन-तीन वर्षांची मुलं बॅटरीची खुर्ची चालवायला शिकली. पुढे डेलावेअर विद्यापीठातले कोल गॅलोवे यांनी खेळण्यातल्या बॅटरीच्या गाड्याच घेतल्या, पायाच्या पेडलऐवजी मोठं बटण बसवलं, बसायला आधार दिला, आणि चालता न येणाऱ्या तान्ह्या पोरांना फिरायला सोडलं. माझ्यासारख्या माणसाच्या हातचं काम आहे ते. मूल आपणहून हललं की त्याला जग कळतं. ज्याला दुसऱ्याने उचलल्याशिवाय कुठेही जाता येत नाही, ते मूल हळूहळू मागायचंच सोडून देतं. मी माझ्या मुलीत ते होताना पाहिलं आहे, त्या गोल गोल फिरण्याच्या दिवसांत.

कागदपत्रांचं मी थोडक्यात उरकतो. जन्मतःच झालेल्या आणि न जाणाऱ्या गोष्टीचा दाखला दर वेळी नव्याने कशाला? मुलीला कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणारी आई समोर दिसते, तेवढा पुरावा पुरत नसेल तर राहू दे.

आता तुमचं म्हणणं. मी ते फोनवर ऐकलं आहे आणि ते फालतू नाही. ‘पैसे मर्यादित आहेत. मापाची खुर्ची, गादी, तपासणी, दुरुस्ती, हे सगळं करायला गेलो तर शंभरऐवजी साठच मुलांना देता येईल. उरलेल्या चाळीस जणांना काय सांगू?’

हा प्रश्न मी पुष्कळ रात्री घोळवला, कारण त्या चाळिसांत माझीही मुलगी असू शकली असती. जगाचा हिशेब मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय, अडीचशे कोटींहून जास्त लोकांना कुठलं ना कुठलं साहाय्यक साधन लागतं. श्रीमंत देशांत गरज असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत लोकांना ते मिळतं आणि काही गरीब देशांत जेमतेम तीन टक्क्यांना. युनिसेफच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २४ कोटी मुलं अपंगत्व असलेली आहेत. तुम्ही सगळे मिळूनही ही रांग संपवणार नाही.

पण चुकीची खुर्ची मिळालेलं मूल रांगेत मागे राहत नाही, ते रांगेतून बाहेर जातं. नावासमोर ‘दिले’ अशी खूण होते आणि पुढची पाच वर्षं त्याला कुणी विचारत नाही. तुम्ही नाही, आणि दुसरी संस्थाही नाही, कारण ती तुमची यादी बघते. रिकाम्या हाताचं मूल निदान यादीवर असतं. म्हणून माझं उत्तर कटू असलं तरी स्पष्ट आहे : साठांनाच द्या. चाळिसांना ‘अजून नाही’ असं खरं सांगा. त्या चाळिसांत माझी असेल तर मी भांडेन, पण ते भांडण खुर्चीपर्यंत पोचेल अशी आशा तरी राहील.

‘हे खरं तर सरकारांचं काम’ असंही तुम्ही म्हणता. बरोबर आहे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात विसावं कलम याच विषयाचं आहे : स्वतःहून हिंडण्या-फिरण्याचा हक्क, त्यासाठी परवडणारी चांगली साधनं आणि ती वापरण्याचं शिक्षणही. ते सरकारांना बंधनकारक आहे, तुम्हाला नाही. त्यांच्याशी भांडायचं ते आम्ही भांडतोच आहोत. पण तुम्ही आपणहून हे काम हाती घेतलंत, तेव्हा ‘फुकट आहे, चालवून घ्या’ हे उत्तर तुम्हालाही शोभत नाही. फुकट तुमच्याकडून आहे. मुलीने पाठ, कंबर आणि भुवईवरचे टाके असे पैसे मोजलेच आहेत.

तर मागण्या.

अठरा वर्षांखालच्या मुलांना पाच वर्षांचा नियम लावू नका. त्याऐवजी दर सहा महिन्यांनी माप घ्या, आणि माप बदललं की साधन बदला.

माप घेतल्याशिवाय कुणालाही काही देऊ नका. मग त्या दिवशी पाहुणा येणार असला तरी.

प्रत्येक देणगीतला ठरावीक वाटा गादी, सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्यासाठी बाजूला काढा, आणि प्रत्येक खुर्चीसोबत एक कागद द्या : टायर, ट्यूब, बेअरिंग आणि बोल्ट यांची मापं. कागदाला खर्च येत नाही. हे उद्यापासून होऊ शकतं.

लहान झालेली साधनं परत घ्या, दुरुस्त करा, पुढच्या मुलाला द्या. आमच्याकडे अशी खुर्ची पडून आहे आणि ती परत घ्यायला तुमच्याकडे रकानाच नाही, असं मला सांगण्यात आलं.

नाव पावतीवर लिहा, खुर्चीवर नको. फोटो खुर्ची दिल्यावर महिन्याभराने मागा. तेव्हा दिलेला होकार खरा असेल.

वार्षिक अहवालात ‘किती वाटल्या’ याच्या शेजारी ‘वर्षभराने किती मुलं त्यात अजून बसतायत’ हा आकडा छापा. पहिल्या वर्षी तो आकडा वाईट येईल. छापा तरी. देणगीदारांना माझी वेगळी विनंती : चेक लिहिण्याआधी हा एकच आकडा मागा.

आणि साधनं निवडणाऱ्या समितीत ती वापरणारी दोन माणसं घ्या. खुर्चीत बसणारी. शेजारी उभी राहणारी नव्हेत.

माझ्याकडून मी हे देऊ शकतो : आठवड्यातून एक दिवस तुमच्या खुर्च्या दुरुस्त करेन, मजुरी नको, सुटे भाग तुम्ही द्या. ज्या सायकलवाल्यांना शिकायचं आहे त्यांना शिकवेन. थेरपिस्ट बाईंनी माप घ्यायला शिकवायचं कबूल केलं आहे, त्यांना विचारूनच लिहितोय.

कापलेली खुर्ची मी धुतली, बेअरिंग बदलली, ग्रीस भरलं, मांड्या घासायच्या तिथलं कापड नवं शिवलं. सीटची रुंदी २४ सेंटिमीटर, खोली २२, पायटी जास्तीत जास्त २५ खाली जाते, पाठ २८ उंच. साधारण चार-पाच वर्षांच्या, अंगाने बारीक मुलाला बसेल. तुमच्या यादीत असं मूल असणारच. मात्र आधी थेरपिस्टला दाखवून घ्या. घरी कापलेली आहे.

मुलीची आजची मापं अशी : नितंबांची रुंदी २५, मांडी ३३, गुडघ्याच्या खोबणीपासून टाच २९, सीटपासून फरा ३२. ही मापं सहाएक महिने चालतील. त्याआधी कळवावं.

आपला,
एक लाभार्थीचा बाप